तेल मूळचं कुठलं? कच्च्या तेलातल्या खुणा वाचायच्या कशा

मुंबई हायचं तेल ज्या दगडातून आपण वर काढतो त्या दगडात ते तयार झालेलंच नाही. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, कारण १९७४ मध्ये सागर सम्राट या समुद्रात खोदकाम करणाऱ्या रिगने मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर भर समुद्रात विहीर खोदली आणि तेल लागलं, एवढीच गोष्ट आपण ऐकलेली असते, आणि ती ऐकताना डोळ्यासमोर येतं की खाली कुठेतरी तेलाचं तळं असणार. तळं वगैरे काही नाही. खाली मायोसीन काळातला चुनखडक आहे, त्याच्या बारीक बारीक पोकळ्यांत तेल भरलंय, आणि हे तेल आलंय आजूबाजूच्या खोलगट भागांतून, तिथे खूप खाली गाडल्या गेलेल्या पन्ना फॉर्मेशन नावाच्या शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) आणि कोळशाच्या थरांतून. हे थर साधारण ५ ते ६ कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे तेल शिजलं एकीकडे आणि सरकत सरकत येऊन अडकलं भलतीकडेच. तेलक्षेत्रातले लोक पहिल्याला सोर्स रॉक म्हणतात, दुसऱ्याला रिझर्व्हॉयर, आणि जिथे सोर्स रॉक तापून तेल तयार होतं त्या खोल भागाला चक्क किचन म्हणतात.

पण हे कळलं कसं? दगड बघितला तर त्यात शिंपले दिसतात, पानांचे ठसे दिसतात, त्यावरून वय काढता येतं. तेल म्हणजे नुसता काळपट द्रव, तो मैलोन्मैल प्रवास करून आलाय, त्यात हाडं नाहीत की पानं नाहीत. तरीही त्या द्रवात मूळ गावाचा पत्ता असतो, फक्त तो रेणूंच्या आकारात लिहिलेला असतो. अशा रेणूंना बायोमार्कर म्हणतात.

हे पहिल्यांदा दाखवलं आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १९३४ च्या सुमारास, म्युनिकमध्ये. त्याने कच्चं तेल आणि तेलकट खडक तपासले आणि त्यात पॉर्फिरिन नावाचे रेणू सापडले, ज्यांच्या मधोमध व्हॅनेडियम किंवा निकेल बसलेलं होतं. आता झाडाच्या पानातलं हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, त्याचीही बैठक तशीच असते, मधे फक्त मॅग्नेशियम असतं. ट्राइब्सने एकेक पायरी मांडून दाखवलं की क्लोरोफिल गाळात गाडलं गेलं, मॅग्नेशियम निघून गेलं, दुसरा धातू येऊन बसला आणि तोच रेणू कोट्यवधी वर्षं टिकून तेलात आला. हे फार मोठं होतं, कारण त्याआधी मेंडेलीव्हसारखा माणूस सुद्धा म्हणत होता की तेल पृथ्वीच्या पोटात पाणी आणि धातूंचे कार्बाइड यांच्यापासून बनतं, जीवसृष्टीशी त्याचा संबंध नाही. शिवाय पॉर्फिरिन फार उष्णता सहन करत नाहीत, त्यामुळे तेल भट्टीसारख्या तापमानात तयार झालेलं नाही हेही त्याच शोधातून कळलं. मला विचाराल तर या सगळ्या विषयातला सगळ्यात धाडसी शोध हाच, कारण त्याच्याकडे आजची कुठलीही मशीन नव्हती.

आता या खुणा टिकतात कशा ते बघू. आपल्या ब्लड रिपोर्टमध्ये जे कोलेस्टेरॉल असतं ते घ्या. २७ कार्बनचा रेणू, त्यात चार कड्या एकमेकींना चिकटलेल्या, एका टोकाला ऑक्सिजन, कुठेतरी एक डबल बाँड, मागे शेपटी. प्राणी मेला, शेवाळ मेलं, गाळात गेलं, वर अजून गाळ साचत गेला, तापमान वाढत गेलं, तर ऑक्सिजन निघून जातो, डबल बाँड हायड्रोजनने भरला जातो, पण चार कड्यांची मूळ रचना तशीच राहते. वाडा पडला तरी जोतं शिल्लक राहतं आणि त्यावरून कळतं की माजघर कुठे होतं आणि ओसरी कुठे होती, तसंच हे. उरलेल्या सांगाड्याला स्टेरेन म्हणतात. आणि गंमत अशी की सगळ्या जीवांचं स्टेरॉल सारखं नसतं. प्राणी आणि समुद्रातली बरीच शेवाळं २७ कार्बनवाली बनवतात, जमिनीवरची झाडं मुख्यतः २९ कार्बनवाली, आणि २८ वाली काही शेवाळांत जास्त. त्यामुळे तेलात सी २७, सी २८, सी २९ स्टेरेनचं प्रमाण किती ते मोजलं की साधारण अंदाज येतो की गाळ खुल्या समुद्रातला होता, की नदीच्या मुखाशी जिथे पालापाचोळा वाहून येत होता तिथला.

दुसरं कुटुंब होपेनचं. हे पाच कड्यांचे रेणू, बॅक्टेरियांच्या पेशीच्या आवरणातून येतात. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला गी उरिसाँ आणि पिएर आल्ब्रेश्त यांनी यावर आयुष्यभर काम केलं आणि दाखवून दिलं की हे होपेन जवळजवळ प्रत्येक गाळात, प्रत्येक तेलात आहेत, तेही आधी ते कुठल्या जीवातून येतात हे नीट माहीत नसताना. आधी दगडात सापडले, मूळ बॅक्टेरियातला रेणू नंतर सापडला!

तिसरी खूण प्रिस्टेन आणि फायटेन. क्लोरोफिलला एक लांब शेपूट असते, ती तुटून गाळात पडते. तिथे प्राणवायू असेल तर तिचं प्रिस्टेन होण्याकडे कल, नसेल तर फायटेन. दोघांचं गुणोत्तर १ च्या खाली असेल तर कुबट, प्राणवायू नसलेला तळ, बऱ्याचदा खारट पाणी; ३ च्या वर असेल तर झाडपाला आणि हवा लागलेला गाळ, जसा कोळशाच्या दलदलीत असतो. पण या एकट्या आकड्यावर कोणीही शहाणा माणूस निकाल देत नाही, कारण प्रिस्टेन-फायटेन दुसऱ्या रेणूंपासूनही बनतात. हे आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढे हाच मुद्दा परत येणार आहे, बायोमार्कर वाचणं म्हणजे एक खूण बघून पत्ता सांगणं नव्हे, चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात का ते बघणं आहे, आणि एक जरी उलटी गेली तरी थांबून विचार करणं आहे.

लॅबमध्ये हे कसं करतात ते जरा जवळून बघा. तेलाचा अगदी थोडा नमुना घ्यायचा, त्यात हेक्झेनसारखं सॉल्व्हंट जास्त घातलं की डांबरासारखा जड भाग खाली बसतो, तो गाळून टाकायचा. राहिलेलं काचेच्या नळीत भरलेल्या सिलिका जेलवरून सोडायचं, म्हणजे वेगवेगळे घटक वेगवेगळ्या वेळी खाली उतरतात, आणि आपल्याला हवे असलेले सॅच्युरेट्स, म्हणजे डबल बाँड नसलेले रेणू, सगळ्यात आधी येतात. मग हा भाग जीसी-एमएस मशीनमध्ये, म्हणजे रेणू आधी वेगळे करून मग त्यांचं वजन मोजणाऱ्या मशीनमध्ये. आत केसाइतकी बारीक पोकळी असलेली, गुंडाळून ठेवलेली ३० किंवा ६० मीटर लांब नळी असते, तिच्यातून हेलियम वाहत असतो, ओव्हनचं तापमान हळूहळू ३०० डिग्रीपर्यंत चढवतात आणि एकेक रेणू आपापल्या वेळेला बाहेर पडतो. बाहेर पडला की त्याच्यावर इलेक्ट्रॉनचा मारा, तुकडे होतात, तुकड्यांचं वजन मोजलं जातं. होपेन तुटले की १९१ वजनाचा तुकडा देतात, स्टेरेन २१७ चा. म्हणून या क्षेत्रातली माणसं एकमेकांना नुसतं "एकशे एक्याण्णव दाखव" म्हणतात आणि समोरच्याला कळतं काय हवंय ते.

तो १९१ चा आलेख एकदा बघितला की विसरत नाही. डावीकडे बुटकी शिखरं, मधे दोन उंच, सी २९ आणि सी ३० चं होपेन, आणि त्यानंतर उजवीकडे सी ३१ पासून सी ३५ पर्यंत जोड्या जोड्यांनी उतरत जाणारी शिखरं. या दोन उंच शिखरांत सी २९ वालं जास्त उंच असेल तर सोर्स रॉक बहुतेक चुनखडीचा. जोड्यांमध्ये एकाच रेणूची दोन रूपं असतात, एक एस आणि एक आर, जिवंत पेशी फक्त आर बनवते, आणि जमिनीखाली उष्णतेने हळूहळू काही आर चे एस होतात, त्यामुळे दोघांचं प्रमाण बघितलं की खडक किती शिजलाय ते समजतं. स्टेरेनमध्येही असंच होतं. आता याचा उपयोग बघा, समजा एकाच भागात तीन विहिरींचं तेल सारख्या वंशाचं निघालं पण एकाचं जास्त शिजलेलं आहे, तर ते जास्त खोल किचनमधून आलंय, मग पुढची विहीर कुठे खोदायची याचा विचारच बदलतो. एका ऑफशोअर विहिरीचा खर्च किती कोटींत जातो हे लक्षात घेतलं तर कंपन्या लॅबवर एवढा पैसा का घालतात ते कळेल. १९७० च्या दशकात शेव्हरॉन या अमेरिकन तेल कंपनीत वोल्फगांग सायफर्ट आणि मायकेल मोल्डोवन यांनी हे शास्त्र विद्यापीठातून उचलून तेलाच्या शोधात आणलं ते याचसाठी.

आता परत त्याच आलेखाकडे या, कारण आपल्या किनाऱ्याची गोष्ट तिथे आहे. सी ३० होपेनच्या उंच शिखराच्या लगेच आधी कधी कधी एक छोटं शिखर दिसतं. ते ओलिएनेन. ते येतं बीटा-अमायरिनसारख्या रेणूंपासून, जे मुख्यतः फुलझाडं बनवतात. फुलझाडं पृथ्वीवर पसरली क्रिटेशस काळात, म्हणजे डायनासोर असताना, आणि त्यानंतर सगळीकडे बोकाळली. १९९४ मध्ये मोल्डोवन आणि सहकाऱ्यांनी जगभरचे खडक तपासून दाखवलं की ओलिएनेनचं प्रमाण फुलझाडांच्या पसरण्याबरोबरच वाढत जातं, आणि ते सी ३० होपेनच्या २० टक्क्यांच्या वर असेल तर तेल बहुधा टर्शरी काळातलं, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपेक्षा अलीकडचं. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या तेलांत ओलिएनेन आहे. पन्नाच्या थरांत कोळसा आहे, प्रिस्टेन फायटेनपेक्षा बरंच जास्त आहे, तेल मेणचट आहे. सगळ्या खुणा एकाच बाजूला बोट दाखवतात, किनाऱ्यालगतची दलदल, दाट झाडी, गोडं आणि खारं पाणी मिसळणारा भाग.

आणि झाडी कुठली तेही कळतं. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीत ५ कोटी वर्षांपूर्वीची राळ सापडलीय, दगड झालेली, अंबर म्हणतात तिला, आणि तिच्यात शेकडो कीटक अडकलेले आहेत, पाय-मिशा सगळं शाबूत. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा जगभर गाजलं. त्या राळेचं रसायन तपासलं तर ती डिप्टेरोकार्प कुळातल्या झाडांची निघाली, म्हणजे आपला साल, अंदमानचा गर्जन, कर्नाटक-केरळच्या घाटातला धूप यांची भावकी. पूजेच्या सामानात मिळते ती राळही सालाचीच. या कुळाची राळ गाडली जाऊन तापली की तिचे बायकॅडिनेन नावाचे रेणू तयार होतात, आणि आग्नेय आशियातल्या तेलांप्रमाणे भारतातल्या तेलांतही ते मिळतात. तेव्हा भारत नुकताच आशियाला भिडत होता, विषुववृत्ताच्या जवळ होता, आणि किनाऱ्याला सदाहरित जंगल होतं. हे सगळं एका थेंबभर तेलातून आणि मूठभर राळेतून बाहेर आलंय, मला अजूनही याचं अप्रूप वाटतं.

आता याच्या अगदी उलटी केस राजस्थानातली. जैसलमेर जिल्ह्यात बाघेवाला इथे १९९१ मध्ये ऑइल इंडियाला घट्ट, गंधकवालं तेल लागलं. त्याचा आलेख काढला तर ओलिएनेनचा पत्ता नाही, प्रिस्टेन फायटेनपेक्षा कमी, चुनखडी सोर्सची लक्षणं. इथपर्यंत ठीक, पण स्टेरेनमध्ये सी २९ सगळ्यात जास्त! वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे सी २९ म्हणजे जमिनीवरची झाडं. आणि बाकीच्या सगळ्या खुणा म्हणतायत समुद्राचा कुबट तळ, झाडं नाहीत. इथेच नवशिका माणूस फसतो. १९९५ मध्ये केनेथ पीटर्स आणि सहकाऱ्यांनी याचा उलगडा छापला: हे तेल कॅम्ब्रियनच्या आसपासचं, किंवा त्याच्याही आधीचं, म्हणजे ५४ कोटी वर्षांच्या मागेपुढे, तेव्हा जमिनीवर झाडं नव्हतीच, आणि काही हिरवी शेवाळंही सी २९ स्टेरॉल भरपूर बनवतात. हे तेल जुळलं कुणाशी, तर ओमानमधल्या हुक्फ खडकांच्या तेलांशी आणि पूर्व सायबेरियातल्या तेलांशी. ओमानशी जुळणं साहजिक आहे, कारण तेव्हा भारत आणि अरबस्तान गोंडवना खंडाच्या एकाच बाजूला शेजारी शेजारी होते. मुंबईचं तेल आणि बाघेवालाचं तेल, दोन्ही भारतातली, पण त्यांच्यात जवळपास ५० कोटी वर्षांचं अंतर.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवायची. ओलिएनेन चांगल्या प्रमाणात सापडलं तर तेल फुलझाडांच्या नंतरचं हे बऱ्याच खात्रीने म्हणता येतं, पण सापडलं नाही म्हणून ते जुनंच असं म्हणता येत नाही, कारण किनाऱ्यापासून लांब खोल समुद्रात झाडपाला पोचलाच नसेल. असणं हा पुरावा, नसणं हा फक्त संशय.

या शास्त्राचा उपयोग तेल शोधण्यापेक्षा सांडलेलं तेल कोणाचं हे ठरवायला जास्त चित्तथरारक होतो. २४ मार्च १९८९, गुड फ्रायडे, अलास्कात एक्सॉन वाल्डीझ टँकर खडकावर आदळला आणि साधारण ४ कोटी लिटर तेल प्रिन्स विल्यम साउंडमध्ये गेलं. नंतर किनाऱ्यांवर डांबरी गोळे सापडायला लागले आणि सगळ्यांनी धरून चाललं की हे त्याच जहाजाचं. अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सर्व्हेच्या कीथ क्वेनवोल्डन यांच्या टीमने नमुने तपासले. जहाजात होतं उत्तर अलास्काचं तेल, त्यात ओलिएनेन नाही. पण बऱ्याच गोळ्यांत ओलिएनेन होतं. कार्बनचे आयसोटोप, म्हणजे हलक्या आणि जड कार्बन अणूंचं प्रमाण, मोजले तर जहाजाच्या तेलाचा आकडा उणे २९ च्या आसपास आणि या गोळ्यांचा उणे २४ च्या आसपास, म्हणजे फरक एवढा की चुकीला जागाच नाही. सगळ्या खुणा जुळल्या कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरी फॉर्मेशनशी. पण कॅलिफोर्नियाचं तेल अलास्कात कसं? तर १९७७ मध्ये उत्तर अलास्काची पाइपलाइन सुरू व्हायच्या आधी तिथे इंधन आणि रस्त्याचं डांबर कॅलिफोर्नियातूनच जहाजाने यायचं, वाल्डीझ गावात त्याच्या टाक्या होत्या, आणि २७ मार्च १९६४ ला ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला त्यात त्या फुटल्या. तोही गुड फ्रायडेच होता. एका सांडलेल्या तेलाचा तपास करता करता पंचवीस वर्षं आधीचं, सगळे विसरून गेलेलं तेल सापडलं.

समुद्रात पडलेलं तेल मात्र बदलत जातं, म्हणून काय बघायचं हे माहीत पाहिजे. हलका भाग उडून जातो, बॅक्टेरिया आधी सरळ साखळीचे रेणू खातात, मग प्रिस्टेन-फायटेन, त्यानंतर बऱ्याच उशिरा स्टेरेन, आणि होपेन जवळजवळ शेवटी. त्यामुळे जुन्या गोळ्यात प्रिस्टेन-फायटेनवरून काही ठरवायला जाऊ नये, होपेन-स्टेरेनवर भर द्यावा. अलास्कात तर होपेनचीच मोजपट्टी केली होती: होपेन कमी होत नाही असं धरायचं, आणि त्याच्या तुलनेत बाकीचं किती घटलं यावरून सफाई किती झाली ते काढायचं.

आपल्याकडे हेच काम गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, एनआयओत होतं. पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या आणि कोकणच्या वाळूत काळे चिकट गोळे येतात, पायाला लागले की साबणाने जात नाहीत, खोबरेल किंवा रॉकेल लावून पुसावे लागतात, मासेमारीची जाळी खराब होतात ते वेगळंच. एनआयओच्या संशोधकांनी या टारबॉलचे होपेन, स्टेरेन आणि कार्बन आयसोटोप तपासले तेव्हा काही खेपेचे गोळे मुंबई हाय भागातल्या तेलाशी जुळले, आणि काही खेपेचे अरबी समुद्रातून जाणाऱ्या टँकरच्या टाक्या धुतलेल्या तेलाशी. म्हणजे दर वर्षी दोषी एकच असतो असं नाही, आणि "हे सगळं टँकरवाल्यांचंच" किंवा "हे सगळं मुंबई हायचंच" असं न तपासता म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. शिवाय मुंबई हायच्या तेलाशी जुळलं याचा अर्थ एवढाच की तेल तिथलं आहे. ते प्लॅटफॉर्मवरून गळलं, पाइपमधून गळलं की तेच तेल वाहून नेणाऱ्या जहाजातून पडलं, हे फिंगरप्रिंट सांगत नाही. त्यासाठी वारा, समुद्राचे प्रवाह आणि जहाजांच्या हालचाली बघाव्या लागतात.

आणि जुळवायला समोर काहीतरी लागतं. गोळ्याचा आलेख कितीही छान आला तरी तुलनेला प्रत्येक तेलक्षेत्राचे, प्रत्येक मोठ्या टँकरच्या मालाचे नमुने जपून ठेवलेले नसतील तर "आखाती वाटतंय" याच्या पुढे जाता येत नाही, आणि तेवढ्यावर कोर्टात कुणाकडून भरपाई मिळत नाही. माझ्या मते आपल्याकडे मशीनपेक्षाही अशा संग्रहाची निकड जास्त आहे, आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी दिलेल्या नमुन्यांचीही. फक्त नमुना घ्यायचा तर नीट घ्यावा: स्वच्छ काचेच्या बाटलीत किंवा ॲल्युमिनियम फॉइलमध्ये, वर तारीख आणि जागा लिहून, आणि लगेच फ्रीजमध्ये. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, कारण प्लास्टिकमधली रसायनं तेलात उतरतात आणि आलेखात त्यांचीच शिखरं दिसायला लागतात.